जुन्या साड्यांचे कपडे : कापड गोळा करण्यापासून विकण्यापर्यंतच्या नोंदी (नागपूर, २०२४)

५ फेब्रुवारी २०२४

घरच्या कपाटातल्या साड्या पुरणार नाहीत हे लगेच दिसलं. सासूबाईंच्या चार, माझ्या तीन, शेजारच्या काकूंनी दिलेलं एक गाठोडं, संपला साठा. मग भांडेवालीला गाठलं. आमच्या मानेवाड्याकडे सकाळी अकराच्या सुमारास ती टोपलं घेऊन फिरते. जुने कपडे घेते आणि स्टीलचे डबे देते. तिच्याकडून उलटं विकत घ्यायचं म्हटल्यावर ती टोपलं खाली ठेवून बसलीच.

"मले देऊन तू काय करशीन वं याचं?"

"कुर्ते शिवीन म्हणते मावशी. सुतीच पाहिजे फक्त."

"सुतीच हाय सबन. हात लावून पाय ना."

सरासरी १०० रुपयांना एक, असा दहा साड्यांचा सौदा ठरला. चांगल्या साड्या ती बाजारात विकते आणि अगदी फाटलेल्या चिंधीच्या व्यापाऱ्याला जातात. तिथून गॅरेजवाले पुसायला नेतात. आपल्याला लागतो तो मधला माल. त्याला एरवी फारसं गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे भाव करायला जागा असते.

घरी आल्यावर प्रत्येक साडीच्या कडेचे दोन-चार धागे काढून जाळले. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटात विरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आकसतं आणि टोकाला कडक मणी उरतो. "सुतीच हाय सबन" मधल्या तीन साड्यांना मणी आला. एक मऊसूत होती, हाताला शंभर टक्के सुती वाटली असती, तीही मिश्र निघाली. नागपूरच्या उन्हाळ्यात पॉलिस्टरचा कुर्ता कोणी अंगाला लावून घेत नाही, म्हणून त्या पिशव्या शिवायला बाजूला टाकल्या. आता मी काडेपेटी पर्समध्ये ठेवते आणि भांडेवालीसमोरच धागा जाळते. ती हसते, पण आता सुती-मिश्र आधीच वेगळं करून आणते.

१२ फेब्रुवारी

धुणं. हे काम किती वेळ खाईल याचा अंदाज नव्हता.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका. स्वच्छ धुवून ओलं कापड उन्हात टाकायचं, हळद उन्हातच उडते. आपल्याकडे उन्हाची कमी नाही, फेब्रुवारीतही दोन दुपारींत डाग गेला. मात्र गडद रंगाची साडी इतका वेळ उन्हात टाकली तर साडीचा रंगही उडतो, म्हणून फक्त डागाचा भाग वर ठेवून बाकी घडी करून झाकली.

खांद्याच्या पिनेचा गंज वेगळा. लिंबू-मिठाने पांढऱ्या साडीवरचा गेला. रंगीत साडीवर करून पाहिलं तर गंज गेला आणि जागा फिकट पडली. तेव्हापासून रंगीत साडीवरचा गंजाचा ठिपका सरळ कापून टाकते.

डांबरगोळ्यांचा वास साबणाने जात नाही. हवेशीर सावलीत टांगून ठेवायचं, आठवडा लागला तर लागू द्यायचा. घाईत शिवलेल्या कापडाला इस्त्री फिरवली की तो वास पुन्हा वर येतो.

रंग जातो का, हे बघायला पांढऱ्या रुमालाचा ओला तुकडा साडीवर ठेवून वरून गरम इस्त्री. रुमालावर रंग उतरला तर ती साडी अस्तराच्या कामाची नाही आणि पांढऱ्या कापडाशी जोडायचीही नाही. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ, व्हिनेगर, तुरटी, जे जे घरोघरी सांगतात ते सगळं एका लाल साडीवर करून झालं. लाल पाणी येतच राहिलं. अशा साडीचा आता फक्त एकरंगी कपडा, आणि चिठ्ठीवर "वेगळा धुवा".

दहांतल्या सहा साड्या कामाच्या उरल्या. म्हणजे कामाची साडी १०० ला नाही, १६७ ला पडली. हा आकडा पुढे हिशेबात येणार आहे.

२० फेब्रुवारी

साडी कुठे विरते, त्याचा नकाशा. कोणी हे काम करणार असेल तर बाकीचं सोडा, एवढी नोंद नीट वाचा.

रोज नेसलेली सुती साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. खिडकीत उजेडासमोर धरली की कळतं. खालचा काठ टाचेला घासतो, तिथे फॉल असला तरी कडेचे धागे तुटलेले असतात. निऱ्यांचा खालचा अर्धा भाग पायाने उडतो, त्याची वीण सैल झालेली असते. बसायच्या जागी धागे सरकून बारीक जाळी पडते, ही सगळ्यात फसवी, कारण कापड फाटलेलं दिसत नाही. डाव्या खांद्याच्या जागी पिनेची भोकं. पदराला हात पुसलेले, तेलाचे, फोडणीचे डाग.

मग चांगलं काय उरतं? पहिला वेढा. जे टोक आत खोचलं जातं तिथून साधारण एक-सव्वा मीटर. याला ऊन लागत नाही, घर्षण नाही, रंग जवळजवळ नव्यासारखा. फक्त परकराच्या नाडीची सुरकुती असते, ती वाफेच्या इस्त्रीने जाते. शिवाय निऱ्यांचा वरचा अर्धा भाग.

परीक्षा अशी : दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवायचे आणि कापड बाजूंना ताणायचं. एकदा उभं, एकदा आडवं. चर्र आवाज आला किंवा अंगठ्यांमधून उजेड दिसायला लागला, की तेवढ्या भागावर खडूने फुली.

कपाटात जपून ठेवलेल्या रेशमी साडीचं उलटं असतं. ती अंगावर झिजत नाही, घडीवर तुटते. वर्षानुवर्षं एकाच जागी घडी. उलगडली की घडीच्या रेघेवर सुरीने कापल्यासारख्या चिरा. काकूंच्या गाठोड्यातली जांभळी साडी बघून माझे डोळे चमकले होते. ती उलगडतानाच चार ठिकाणी गेली. तिचे फक्त काठ वाचले.

आता काठाविषयी. साडीची रुंदी साधारण ४५ इंच असते. कुर्त्याचा घेर काठाचा हवा असेल तर कुर्ता साडीवर आडवा बेतायचा, म्हणजे साडीची रुंदी ती कुर्त्याची लांबी. शिवण-दुमड धरून ४१-४२ इंच लांबी मिळते, कुर्त्याला पुरेशी. सगळे जण सहज खालचा काठ घेराला घेतात. मी वरचा घेते. खालच्या काठाला फॉलच्या टाक्यांची भोकांची रेघ असते, फॉल उसवल्यावर आतला रंग गडद आणि बाहेरचा उडालेला दिसतो, आणि कड झिजलेली. वरचा काठ कमरेत खोचलेला असतो, त्याला ना भोकं ना झीज.

एक अडचण : वरचा काठ खाली आला की नक्षी उलटी होते. फुलापानांना चालतं. एका साडीवर मोर होते. कुर्ता पूर्ण झाल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मोर डोक्यावर उभे काऊन आहेत वं?" तो कुर्ता माझ्याच अंगावर असतो.

३ मार्च

मशीन. घरची काळी पायमशीन आहे, सासूबाईंची. वेग यावा म्हणून तिला मोटर बसवून घेतली, बसवणावळीसह १,४०० रुपये. जीन्स आणि पडद्याच्या कापडाला मोटर उत्तम. पण जुन्या विरविरीत सुतीवर मोटर सुरू झाली की कापड आत ओढलं जातं आणि शिवण गोळा होते. धाग्याचं टेन्शन (ताण) सैल करून पाहिलं, मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करून पाहिला, थोडा फरक पडला. शेवटी पातळ कापडासाठी मोटरचा पट्टा काढून पुन्हा पायानेच चालवते. पट्टा काढ-घाल करायला पाच मिनिटं लागतात, म्हणून आठवड्याचं पातळ काम एकदम काढते.

सुई ११ नंबर, आणि नवी. जुन्या कापडात बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते. टाका मोठा ठेवायचा. मी नेहमीच्या सवयीने बारीक टाका घालत होते, मजबूत होईल म्हणून. जुन्या रेशमावर बारीक टाका म्हणजे तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग, ताण पडला की तिथूनच फाटतं. अडीच ते तीन मिलिमीटर ठेवल्यापासून हा त्रास नाही.

धागा, बटणं, बुकरम (गळ्या-कॉलरला घालायचं ताठ कापड) इतवारीतून. अस्तर गांधीबागेतून. सुट्टं मीटर ६० रुपये, अख्खा तागा घेतला तर ४६ पर्यंत देतात. पहिल्या खेपेला तागा घेऊ नका, रंग कोणते खपतात ते आधी कळू द्या. माझ्याकडे गुलाबी अस्तर अजून पडून आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पाडव्याच्या आधी सहा कुर्ते तयार झाले आणि कॉलनीतच विकले गेले. भाव ६५० लावला. घेणाऱ्या सगळ्या ओळखीच्या, त्यामुळे कोणी खळखळ केली नाही. पण दोघींनी एकच प्रश्न विचारला आणि तो पुढेही सतत येत राहिला : "कोणाची होती हो ही साडी?"

त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. कोणी गेल्यावर तिचे कपडे वाटून टाकलेत, त्यातली तर नाही ना? काही जणी स्पष्ट विचारतात, काही नुसतं कापड परत ठेवतात. भांडेवालीच्या मालाबद्दल मला ते ठाऊक नसतं, आणि खोटं सांगणार नाही. "माहीत नाही, धुऊन-उकळून घेतलं आहे," एवढंच सांगते. ज्यांना नको त्यांना नको.

२८ एप्रिल

पाडव्याचे दोन कुर्ते परत आले. बाहेरून कापड ठीक, पण समोरचा भाग पोटावर गोळा झालेला आणि घेर वर चढलेला. उसवून पाहिलं. अस्तर आटलं होतं.

जुनी साडी शेकडो धुण्यांतून गेलेली असते, तिचं आटायचं ते आटून झालेलं असतं. अस्तर कोरं. गिऱ्हाइकाने घरी पहिल्यांदा धुतलं की आतलं आटतं, बाहेरचं तसंच राहतं आणि आतलं बाहेरच्याला ओढतं. नवं कापड नव्या अस्तरावर शिवताना हा फरक इतका जाणवत नाही, म्हणून शिवणक्लासमध्ये कोणी या गोष्टीवर जोर देत नाही.

दोन्ही कुर्त्यांचं अस्तर बदलून दिलं. बाकीच्या चौघींना स्वतः फोन करून सांगितलं, तिघींचे आणून बदलले, चौथी म्हणाली राहू दे वं, मी ते घरीच घालते. यात अस्तराचे पैसे गेलेच, पण उसवणं शिवण्यापेक्षा जास्त वेळ खातं.

आता अस्तर आणलं की त्याच दिवशी रात्रभर पाण्यात, सकाळी उन्हात, मग इस्त्री, मग कापणी. मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर आटतं, तेवढं जास्त आणायचं.

याच्याच उलट एक प्रकार शेजारच्या काकूंकडे. त्यांचे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी, आज त्या जागेवर मॉल आहे. काकूंकडे ट्रंकेत मिलच्या मांजरपाटाचा (जाड, कोऱ्या सुती कापडाचा) तुकडा होता, पाण्याचा थेंबही न लागलेला. कापड जुनं म्हणून आटलेलं असेल हा हिशेब तिथे चालत नाही. भिजवलं तर खळ निघून पाणी पेजेसारखं झालं आणि तुकडा लांबीला चांगलाच आखडला. पण नंतर त्याच्याइतकं चांगलं अस्तर मला बाजारात मिळालेलं नाही.

१२ मे

हिशेब. लोक विचारतात, कापड तर फुकटात, मग ६५० कशाचे? एका अस्तराच्या कुर्त्याचा खर्च असा :

साडी १६७, अस्तर दोन मीटर १२०, धागा-बटणं २५, बाहेरून ओव्हरलॉक (कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून घालायची शिलाई) २०, धुणं-इस्त्री १५, पिशवी-चिठ्ठी १०. एकूण ३५७.

वेळ : निवडणं, फॉल उसवणं, डाग काढणं, फुल्या मारणं, नकाशाप्रमाणे बेतणं, शिवणं, इस्त्री मिळून पाच तास धरा. ६५० मधून ३५७ गेले की २९३ राहतात. तासाला साठही पडत नाहीत. पिको-फॉलचे ८० रुपये मिळतात आणि पाऊण तासात हातावेगळं होतं. म्हणजे मी आपली साडीला फॉल लावत बसले असते तर जास्त कमावलं असतं, फॉल उसवून कमी कमावते आहे.

नवा भाव १,१००. कॉलनीतल्या बायकांनी तोंड वाकडं केलं. नव्या कापडाचा तयार कुर्ता बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) पाचशेत मिळतो, त्यांचं चूक नाही. बर्डीच्या कुर्त्याशी भावात भिडण्यात अर्थच नाही, हे गिऱ्हाईक आपलं नाही.

३० मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. आज गावभर एकच चर्चा, कुठल्याशा यंत्राने नागपुरात ५६ अंश दाखवले म्हणून. यंत्रच बिघडलं होतं असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. खरा पारा ४५ च्या आसपास असेल तरी माणूस तेवढाच शिजतो.

कामाच्या दृष्टीने : पहाटे पाच ते नऊ एवढंच शिवण. दुपारी कूलर लावला तर पातळ कापड उडतं, बेतलेलं सरकतं, कूलर बंद केला तर घामाचे थेंब रेशमावर डाग पाडतात. कापणी जमिनीवर, चारी बाजूंनी वजनं ठेवून (माझ्याकडे वरवंटा आणि इस्त्री). कूलरसमोर ठेवलेल्या सुयांना गंज चढला, पहिल्या टाक्यालाच पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपका. सुया आता तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात. वीज गेली की मोटर बंद, पायमशीन चालू. तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट समाधान असतं.

२३ जून

धरमपेठेतल्या एका दुकानात आठ कपडे ठेवले होते, विकले तर पैसे या बोलीवर. कमिशन ३५ टक्के. १,१०० चा कुर्ता गेला तर हातात ७१५, खर्च वजा जाता ३५८. तिथे तीन विकले. उरलेले आज परत आणले. एकाच्या गळ्याला लिपस्टिक, दुसऱ्याचं बगलेतलं शिवण तटतटलेलं, घालून बघताना गेलं असणार. विकलेल्यांचे पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाले.

दुकानात ठेवायचं असेल तर तीन गोष्टी लिहून घ्या : पैसे किती दिवसांत, खराब झालेला कपडा कोणाच्या खात्यात, आणि कपडे किती दिवसांनी परत न्यायचे. मी तोंडी बोलीवर ठेवले होते.

परत आल्यावर कपडे धुवून पुन्हा इस्त्री करावे लागतात हा खर्च कोणीच धरत नाही.

१४ जुलै

मापाचा घोळ. फोटो पाठवला की दहा जणी विचारतात आणि नऊ जणींना माप वेगळं हवं असतं. नवं कापड असेल तर दुसरा शिवून देता येतो. इथे एका साडीचा एकच नग. ३६ छातीचा सुंदर कुर्ता तसाच लटकतो आणि ४२ वाली हळहळत निघून जाते.

यावर सापडलेले उपाय, चालले त्या क्रमाने : गुंडाळून बांधायचा घागरा, कमरेला लांब पट्टी, २८ ते ३८ कंबर एकाच घागऱ्यात बसते. दोन साड्या पाठीला पाठ लावून शिवल्या तर दोन्ही बाजूंनी घालता येतो, शिवाय दोन्ही विरलेली कापडं एकमेकींना आधार देतात. मग बिनबाह्यांची, समोर उघडी कोटी. मग कफ्तान. कफ्तानाला कापड खूप लागतं, साडीत फुल्या जास्त असतील तर बेतताच येत नाही.

आणि हो, तयार कपड्याचं खरं माप टेपने घेऊन सांगायचं, "मीडियम" म्हणायचं नाही. प्रत्येकीचं मीडियम वेगळं असतं.

पावसाळ्यात धुणं वाळत नाही, त्यामुळे नवी खरेदी बंद ठेवली. ओलसर साडी घडी करून ठेवली तर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते हळदीसारखे उन्हाने जात नाहीत.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) याच महिन्यात केली. एका एजंटाने दीड हजार सांगितले होते. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, घरी बसून झाली. वस्तू विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकत असाल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आमची गाडी अजून लाखाच्या अलीकडेच आहे.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांसाठी धोतर-कुर्ते. ही कल्पना वैनींची, जाऊबाई म्हणजे. जरीकाठाच्या साडीच्या काठातून लहान मुलांचं शिवलेलं धोतर, कमरेला इलॅस्टिक. काठ चांगले पण अंग गेलेलं अशा साड्या इथे सोन्यासारख्या कामी आल्या. जांभळ्या साडीचे काठ संपले.

भाव ४५०, कापड मोठ्या कामातून उरलेलं, वेळ दीड तास. आत्तापर्यंतचा सगळ्यात बरा हिशेब.

पहिल्या दोन धोतरांत जर मांडीला टोचून पोरं रडली. आतून मलमलीची पट्टी लावल्यावर थांबली. इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी, त्याहून कमी केलं तर वळ उठतात.

शेवटच्या ऑर्डरी मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) दिवशी, म्हणजे आज सकाळी, महालात पोचवायच्या ठरवल्या होत्या. मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत गाडी नेणं म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. गाडी लांब लावून पायी गेले. पुढच्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी ऑर्डर बंद.

२२ सप्टेंबर

गंमत बघा. "कोणाची होती ही साडी" विचारून कुर्ता परत ठेवणाऱ्या एक काकू आज आल्या. नातवाला झबली हवीत, आणि ती जुन्याच साडीची हवीत. नवं कापड बाळाला टोचतं म्हणे. साडी मात्र स्वतःच्या आईची आणली होती, नऊवारी, धुवून धुवून सायीसारखी झालेली.

कुर्त्याला नकोशी झीज झबल्याला हवीशी. बसायच्या जागेचा जाळीदार भाग सोडून जवळजवळ सगळी साडी वापरता आली. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, बाळाच्या अंगाला शिवणीची कड लागता कामा नये. बटण नाही, बंद. बंद आखूड, गळ्याला गुंडाळला जाईल एवढा लांब नको. सहा झबली, दोन टोपडी, दोन दुपटी, शिलाईचे ९०० घेतले. कापडाचा खर्च शून्य, निवडायचा वेळ शून्य.

इथून डोक्यात प्रकाश पडला की साडी मी शोधायचीच कशाला.

१९ ऑक्टोबर

आता ज्याची साडी त्यालाच कपडा शिवून देते. शिलाई, अस्तर धरून ८५० कुर्त्याचे. अस्तर, धागा, ओव्हरलॉक, पिशवी वजा जाता ६७५ उरतात, वेळ साडेचार तास. तासाला १५० पडतात. शिवाय कोणाची साडी हा प्रश्न मिटला, उलट कोणाची आहे म्हणूनच ते शिवून घेतात. माप ठरलेलं, पैसे निम्मे आगाऊ, नग पडून राहायची भीती नाही.

धोका एकच, आणि तो मोठा आहे. भांडेवालीची साडी फाटली तर १०० रुपये गेले. आजीची फाटली तर भरून देता येत नाही.

मध्यंतरी एक मुलगी आजीची करवतकाठी घेऊन आली. आपल्या विदर्भाची ओळख असलेली साडी, अंग टसरचं (जंगली रेशमाचं), किनार सुती, आणि दोन्हींच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांची नक्षी. तिला दिवाळीला कुर्ता हवा होता. उजेडासमोर धरली. किनार दणकट, पण किनारीला लागून असलेलं टसर अंगठ्याखाली सुटत होतं. घडीवर दोन चिरा. मी म्हटलं, कुर्ता शिवला तर पहिल्यांदा हात वर करशील तेव्हाच पाठीत जाईल. पाठीवर, खांद्यावर, मुंढ्याला ताण येतो, तिथे हे कापड टिकणार नाही.

मग ठरलं ते असं : कोटी. संपूर्ण टसरला मागून मलमल, कडेने नव्हे तर मधूनमधून कच्चे टाके घालून दोन्ही थर एक केले आणि मग एकच कापड समजून शिवलं. सगळा ताण मलमलीवर, टसर नुसतं वर बसलेलं. चिरा समोरच्या पट्ट्यांच्या दुमडीत घेतल्या. किनार समोरून गळ्याभोवती. इस्त्री करताना टसरला मध्यम आणि सुती किनारीला कडक आच लागते, एकाच आचेने फिरवली तर किनार चुरगळलेलीच राहते, म्हणून दोनदा, टसरवर सुती कापड टाकून.

उरलेली साडी कापली नाही, परत दिली. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्ही सगळीच लावाल." जितकी लागेल तितकीच कापायची, आणि पहिली कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाला समोर बसवून फुल्या दाखवायच्या. आता एक कागद केला आहे, त्यावर साडी कुठे कमकुवत आहे, काय शिवणार, किती टिकेल, हे लिहून सही घेते. एक बाई सही करायच्या जागी साडी घेऊन परत गेल्या. गेल्या ते बरं झालं.

१६ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचं प्रदर्शन, टेबलाचे दोन दिवसांचे २,५०० रुपये. घागरे, कोट्या, मुलांचे कपडे नेले होते. विक्री ७,४००, मालाचा खर्च आणि भाडं जाऊन हातात हजाराच्या आसपास, आणि दोन दिवस उभं राहणं. विक्रीसाठी म्हणून पुन्हा जाणार नाही. पण टेबलावर एक गोष्ट ठेवली होती, अर्धी साडी आणि त्याच साडीची कोटी शेजारी शेजारी. लोक तिथेच थांबत होते. तेवढ्यावर अकरा जणींनी आपल्या साड्या आणून देण्याचं बोलून ठेवलं, त्यातल्या पाच साड्या आत्ता कपाटात आहेत.

सुट्टे पैसे, आरसा, आडोशाला पडदा आणि सेफ्टी पिना न्या. वीज मिळते का आधी विचारा, मी इस्त्री घेऊन गेले आणि प्लग पॉइंट कोपऱ्यातल्या चहावाल्याकडे निघाला.

८ डिसेंबर

भांडेवालीकडून खरेदी पूर्ण थांबवली नाही. मुलांच्या कपड्यांसाठी आणि झबल्यांच्या पट्ट्यांसाठी महिन्याला चार-पाच साड्या घेते. बाकी सगळं ऑर्डरीचं.

बाहेरून ओव्हरलॉक करून आणण्यात प्रत्येक वेळी अर्धी दुपार जाते, म्हणून तीन धाग्यांची जुनी मशीन घेतली, ७,००० रुपये. विकणाऱ्याने जाड कापडावर चालवून दाखवली, तिथे ठीक होती. घरी मलमलीवर टाका सुटतो, कडेला धाग्याचे सैल फास राहतात. सुई बदलली, धागे पुन्हा ओवले, तिन्ही टेन्शन फिरवून झाले. मेकॅनिक म्हणतो लूपरची (खालून धाग्याचा फास घेणाऱ्या भागाची) वेळ चुकली आहे, दुरुस्तीचे ८०० होतील. बुधवारी येणार आहे. तुम्ही जुनी ओव्हरलॉक घ्यायला जाल तेव्हा आपलं सगळ्यात पातळ कापड सोबत न्या आणि त्याच्यावरच चालवून बघा.

तोवर प्रदर्शनातून आलेल्या पाच साड्यांपैकी दोन फ्रेंच सीमने (कच्च्या कडा आत बंद करणाऱ्या दुहेरी शिवणीने) शिवते आहे, त्याला ओव्हरलॉक लागत नाही. पातळ सुतीला खरं तर तीच शिवण जास्त चांगली, वेळ मात्र पाऊण तास वाढतो, आणि तो ८५० मध्ये धरलेला नाही. जानेवारीपासून फ्रेंच सीमच्या कुर्त्याचे ९५०.